मुळाशी झिरपणारा दात

घाटनांदूरला आमचं खव्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आजूबाजूच्या वस्त्यांवरचे म्हशीवाले पहाटे भट्टी पेटवतात, दूध आटवतात आणि ऊन चढायच्या आत खव्याचे गोळे ओल्या फडक्यात गुंडाळून आमच्या ओट्यावर आणून ठेवतात. दुपारपर्यंत तो माल परळीच्या नाहीतर अंबाजोगाईच्या हलवायांकडे जातो. या दोन्हींच्या मधलं एक काम माझ्या नवऱ्याचं. हे गोळ्याच्या पोटातून चिमूटभर खवा काढतात, तळहातावर अंगठ्यानं चोळतात, तूप किती सुटतं ते बघतात, हुंगतात आणि मग जिभेवर ठेवून डोळे मिटतात. खव्यात पीठ मिसळलंय का, तो कढईला लागलाय का, कालचं दूध आजच्यात घातलंय का, हे यांना त्या चिमटीवरून कळायचं. यांनी नाही म्हटलेला गोळा गावात दुसरं कुणी सहसा घ्यायचं नाही.

यांचा वरचा पुढचा एक दात जुना दुखरा. लग्नाआधी म्हशीचं दावं सोडताना तिनं मान झटकली आणि शिंग तोंडावर बसलं. दात पडला नाही, जागच्या जागी मेला. आमचं लग्न झालं तेव्हा तो काळपट दिसायचा आणि हे हसताना वरचा ओठ खाली ओढून धरायचे. पुढं शहरातल्या एका डॉक्टरनं त्याच्या मुळातली नस काढली, आत खिळा बसवला आणि वर टोपी घातली. काही वर्षांनी हिरडी फुगली. तेव्हा त्याच डॉक्टरनं हिरडी कापून मुळाचं टोक उडवलं आणि तिथं चांदीसारखा मसाला भरला. त्या मसाल्याचा निळा-काळा डाग हिरडीवर गोंदल्यासारखा कायमचा राहिला, पण दुखणं थांबलं. लेकरं झाली, मोठी झाली, आपापल्या गावी गेली. तो दात मी विसरूनही गेले होते.

मग वास सुरू झाला. आधी सकाळचाच यायचा, चूळ भरली की जायचा. नंतर दुपारीही यायला लागला. सरकीची पेंड पोत्यात भिजून राहिली की जसा कुबट वास मारते, तसा तो होता, आणि त्याच्या खाली काहीतरी मेल्यासारखं. मला आधी पोटाचं वाटलं. मी ओवा दिला, जेवणानंतर लवंग दिली, कडुलिंबाच्या काड्या आणून ठेवल्या. हे मुकाट्यानं लवंग चघळायचे. मग लवंगेचा आणि त्याचा असा दोन्हींचा मिळून वास यायचा आणि तो आणखीच वाईट होता. तेव्हापासून लवंग घातलेला भात मला जात नाही.

हे बोलायला लागले की मी हातातलं काम घेऊन दोन पावलं लांब जायची. झोपताना भिंतीकडं तोंड करायची. नवऱ्याची किळस येते हे कुणाला सांगायचं? आपल्याकडं बायकांनी आजारी नवऱ्याचं सगळं काढायचं असतं, आणि मी काढलंही होतं. यांना कावीळ झाली तेव्हा ओकारीची घमेली मी धुतली होती, तेव्हा काही वाटलं नाही. पण आजारी माणसाचं धुणं वेगळं आणि धडधाकट माणसाच्या तोंडाचा वास रोज जेवताना समोर बसून सोसणं वेगळं. भाजीत मला तो वास यायचा. पाण्याच्या तांब्याला यायचा. यांनी तांब्याला तोंड लावलं की मी तो राखेनं घासून घ्यायची, आणि हे विचारायचे, आताच तर घासला होता ना.

यांना स्वतःला काही कळत नव्हतं असंही नाही. तोंड खारट होतंय, अशी तक्रार हे करायचे. पण बोट दाखवायचे ते खव्याकडं. आज अमक्याचा खवा आंबूस आहे, तमक्यानं दूध नासकं वापरलंय, असं रोजचं सुरू झालं. लोकांची भट्टी बिघडली, म्हशींचा चारा बिघडला, हल्ली कुणाच्या हाताला स्वच्छता राहिली नाही, असं हे दुकानात बसून म्हणायचे, आणि ते म्हणताना समोरचा माणूस मान जरा बाजूला वळवायचा, ते मला आतून दिसायचं.

एका सकाळी मी चहा घेऊन पुढं निघाले होते. मधल्या दाराशी पोचले तेव्हा दुकानात कुणी नव्हतं. यांच्या पुढ्यात एक गोळा फडकं सोडून ठेवलेला होता. यांनी डाव्या हातानं वरचा ओठ उचलला आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं हिरडी दाबली. सवयीनं दाबली, आपण मान मोडतो किंवा कान खाजवतो तशी. हिरडीवर एक बारीक पुळी होती. तिच्यातून पिवळा थेंब आला. यांनी तो अंगठ्यावर घेतला, बघितला, खांद्यावरच्या टॉवेलला पुसला, आणि त्याच अंगठ्यानं, त्याच दोन बोटांनी, गोळ्याच्या पोटात हात घालून खवा काढला.

मी तशीच मागं फिरले, कप मोरीत ठेवला आणि मागच्या दारी जाऊन ओकले. पोटात काही नव्हतं, नुसतं पिवळं पाणी आलं, आणि ते पिवळं बघून पुन्हा उमाळा आला. हे किती दिवस चाललं असेल? त्या खव्याचे पेढे कुणाच्या बारशाला गेले असतील. कुणाच्या देवापुढं नैवेद्याला गेले असतील. माझ्या स्वतःच्या लेकीच्या डोहाळजेवणाला याच दुकानातला खवा गेला होता.

हे आंघोळीला गेल्यावर मी तो गोळा उचलला आणि उकिरड्यावर टाकून वर शेण ओढलं. विचारलं तेव्हा मांजरानं तोंड लावलं म्हणून सांगितलं. मांजराचं नाव पुढं करताना मला वाटलं, मांजरानं लावलं असतं तर मी नुसता वरचा थर खरवडून काढला असता.

त्याच आठवड्यात एक भांडण झालं. आमच्याकडं वर्षानुवर्षं खवा आणणारा एक म्हशीवाला आहे. जातीनं धनगर, पण मेंढरं विकून त्यानं म्हशी घेतल्या. वस्ती गावाबाहेर, माणूस कमी बोलणारा. त्याच्या बायकोचा भट्टीवरचा हात असा की खव्याचा दाणा मोत्यासारखा पडायचा. यांनी त्याच्या तोंडावर तो खवा परत केला. आंबलाय म्हणाले. तो म्हणाला, दूध रात्री काढून पहाटे आटवलंय, आंबंल कसा. यांनी तोंडातली चिमूट त्याच्यासमोर थुंकली. त्यानं फडकं बांधलं आणि गोळा उचलून निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. गावातल्या दुसऱ्या दुकानदारानं त्याचा माल डोळे मिटून घेतला, असं कळलं.

पुढच्या बाजारच्या दिवशी तो मला भाजीच्या पाट्यांपाशी भेटला. मी त्याच्या बायकोची चौकशी केली, म्हशींची केली. तो उत्तरं देत राहिला आणि जायला निघाला, मग पुन्हा वळला.

"वैनी, एक सांगू का? राग धरू नका. खवा न्हाई आंबला. शेटचं तोंड आंबलंय."

त्यानं खाली बघत आणखी सांगितलं, की सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण शेटला सांगणार कोण, सगळ्यांचा माल त्यांच्याकडंच येतो. मला तेव्हा त्याच्यासमोर लाज वाटली नाही, स्वतःचीही वाटली नाही. यांच्यावर मात्र राग आला, इतका की घरी येईपर्यंत पिशवीतली कोथिंबीर माझ्या मुठीत चुरगळून गेली होती.

दुपारी हे जेवायला बसले. मी पाट मांडला नाही, ताट वाढलं नाही. भिंतीवरचा आरसा काढून आणला आणि यांच्या हातात दिला. खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला आणि त्यावरचे वाळलेले पिवळे डाग यांच्यासमोर धरले. ओठ वर करा, मी सांगितलं. हे चिडले. भाकरी वाढ म्हणाले. मी म्हटलं, आधी बघा. मग मला जे दिसलं होतं ते सगळं सांगितलं, त्या सकाळचं, अंगठ्याचं, गोळ्याचं. उकिरड्यावर काय गेलं तेही सांगितलं. धनगर काय म्हणाला तेही.

हे उठले आणि न जेवता दुकानात जाऊन बसले. दिवे लागले तेव्हा हे मीठ घातलेल्या पाण्यानं चुळा भरताना मला ऐकू आलं. एक तांब्या संपला, दुसरा घेतला. मग तोंड पुसत आत आले आणि माझ्यापासून चांगले हातभर लांब उभे राहिले.

"लई येतो का?"

"लई येतो."

"कवापासून?"

"दिवाळीच्या आदीपासून."

"मंग सांगितलं कावून न्हाई?"

मी तांब्या उचलला आणि घासायला बसले. त्यानंतर माझ्याशी बोलताना यांनी तोंडापुढं हात धरायला सुरुवात केली, आणि खरं सांगायचं तर त्या हाताकडं बघूनही मला कसंतरीच व्हायचं.

माझं म्हणणं होतं, उपटून टाका एकदाचा. हे मात्र त्याला तयार नव्हते. वरचा दात काढला की डोळा जातो, हे आमच्याकडं लहानपणापासून ऐकलेलं. यांच्या चुलत्याची नजर दात काढल्यावरच गेली म्हणे. चुलत्याला मोतीबिंदू होता हे सगळ्यांना माहीत होतं, पण गोष्ट दाताचीच सांगितली जायची. शेवटी परळीला एक दातांची डॉक्टरीण आहे, तिनं आमच्या एका हलवायाचा दात वाचवला होता, तिच्याकडं जायचं ठरलं. स्टेशनाबाहेर फळांचा गाडा लावणाऱ्या एका मुसलमान माणसाची ही मुलगी. बापाकडनं आम्ही कितीदा सीताफळं घेतली होती.

आम्ही रेल्वेनं गेलो. परळी आली की वीजकेंद्राची राख आधी ओठांना कळते. मी पदरानं तोंड पुसत होते आणि यांच्या शेजारी बसायला नको म्हणून खिडकीला चिकटले होते. डब्यात समोर बसलेल्या बाईनं नाकाला पदर लावला. तो राखेमुळं लावला की कशामुळं, ते कळायला मार्ग नव्हता. यांनी ते पाहिलं आणि उरलेल्या वाटेत तोंड उघडलं नाही.

डॉक्टरीण वयानं माझ्या लेकीएवढी. डोक्यावर ओढणी घट्ट बांधलेली, बोलणं सावकाश. तिनं फोटो काढला आणि पडद्यावर आम्हाला दाखवला. दाताचं मूळ मला पांढऱ्या गाजरासारखं दिसलं, आत खिळा, टोकाला एक लखलखीत ठिपका आणि त्या ठिपक्याभोवती हरभऱ्याएवढा काळा डाग. तो काळा डाग म्हणजे पू भरलेला खड्डा, असं तिनं सांगितलं. तिथलं हाड खाल्लं गेलंय.

मला समजावं म्हणून तिनं फार सोप्या शब्दांत सांगितलं. दाताच्या मुळात बारीक नळी असते. ती कितीही साफ केली तरी आत थोडे जंतू उरतात. ते टोकातून बाहेर हाडात उतरू नयेत म्हणून टोकाला बूच मारायचं. यांच्या दाताला ते मारलेलं होतं, पण जुन्या चांदीच्या मसाल्याचं. इतक्या वर्षांनी तो मसाला आणि दाताची भिंत यांच्यामधे फट पडली होती. आतली घाण त्या फटीतून झिरपत होती, हाड पोखरत होती आणि पुळीच्या तोंडानं बाहेर येत होती. हिरडीवरचा निळा डागही त्याच मसाल्याचा.

यांनी विचारलं की खालून टोपी काढून पुन्हा साफ करता येणार नाही का. ती म्हणाली, आतला खिळा इतका घट्ट आहे की तो उपसताना मूळच तडकेल. पुन्हा वरूनच जावं लागेल. हिरडी उघडायची, जुनं बूच काढायचं, खड्डा खरवडायचा आणि नव्या सिमेंटचं बूच बसवायचं.

"घर बांदतेत ते सिमेंट?" यांनी विचारलं.

ती हसली. जात तीच, काका, म्हणाली, पण शुद्ध केलेलं, आणि ओल्या जागेत घट्ट होणारं. रक्ताच्या, लाळेच्या ओलीत जुने मसाले नीट धरत नाहीत, हे धरतं.

मग मी तिला विचारलं की हे तरी गळणार नाही कशावरून. माझा आवाज बहुधा कडवट झाला असावा. तिनं माझ्याकडं बघितलं, खुर्ची मागं सरकवली आणि कपाटातून काचेचं झाकण असलेली एक चपटी पेटी आणली. शिकत असताना तिनं याच गोष्टीची तपासणी केली होती. पेटीत मेणावर ओळीनं दात चिकटवलेले होते. माणसांचे दात, मुळासकट, उभे चिरलेले.

ती उत्साहानं सांगत होती. उपटलेले दात जमवायचे, त्यांच्या मुळांची टोकं कापायची, प्रत्येकात वेगळा मसाला भरायचा. दाताच्या बाहेरच्या अंगाला नखपॉलिश लावायचं, म्हणजे दुसरीकडून काही आत जाणार नाही, फक्त टोक उघडं. मग निळ्या शाईच्या बाटलीत बुडवून ठेवायचे. नंतर मधोमध चिरून बघायचं, शाई मसाल्याच्या कडेनं किती आत उतरली. तिनं एकेका दातावर काडी ठेवून दाखवलं. जुन्या मसाल्याच्या कडेनं निळी रेघ थेट आतपर्यंत गेली होती. नव्या सिमेंटपाशी ती टोकालाच अडली होती.

मला शाई दिसत नव्हती. मला दिसत होतं ते नखपॉलिश. लाल, चमकणारं, लग्नाच्या बायका लावतात तसलं, कुणाच्या तरी तोंडातून उपटलेल्या, तंबाखूनं काळ्या पडलेल्या दातांवर. एका दाताच्या मानेशी अजून पिवळ्या किटणाचा थर होता. हे दात कुणाचे, मी विचारलं. ती म्हणाली, लोक उपटून घेतात आणि टाकून जातात, काकू, कुणी मागत नाही. मी पदर तोंडावर दाबून दुसरीकडं बघितलं, तर भिंतीवर हसणाऱ्या बाईचं चित्र, तिचे सगळे दात बाहेर.

तिच्या ते लक्षात आलं. पेटी बंद करून ती शांतपणे म्हणाली, "काकू, मी तुम्हाला खोटी खात्री देणार नाही. थोडंफार झिरपणं प्रत्येकातच असतं. आणि बाटलीतला दात भाकरी खात नाही. तिथं जे टिकलं ते तोंडात टिकेलच असं कुणी म्हणू नये. पण माझ्या हातून झालेले बरेच जण नीट आहेत."

या बोलण्यानं माझा तिच्यावर विश्वास बसला. किळस गेली नाही, पण विश्वास बसला. यांनी मान डोलावली, पण डोळ्याला काही होणार नाही ना, हे दोनदा विचारून घेतल्यावरच.

ठरलेल्या दिवशी हे खुर्चीत पाठ टेकून पडले आणि मला बाहेर जाऊ देईनात. डॉक्टरीण म्हणाली, बसू द्या, पण बघू नका. मी यांच्या पायाशी स्टूल घेऊन बसले. न बघता बसायचं म्हणजे ऐकत बसायचं, आणि ते जास्त वाईट होतं, म्हणून मी बघितलं.

हिरडी तिनं पाकिटाचं झाकण उघडावं तशी वर उचलली. खाली हाड, ओलं, गुलाबी-पांढरं, आणि त्यात एक भोक. त्या भोकातून वास आला. इतके महिने मी जो वास भिंतीकडं तोंड करून टाळला होता तो तिथून येत होता, ताजा, घट्ट, मला बांधायला दिलेल्या मुखपट्टीतूनही आत शिरणारा. डॉक्टरणीनं चमच्यासारख्या बारीक अवजारानं खड्डा खरवडला. मळलेल्या लोण्यासारखं, लाल-पिवळं काहीतरी निघत गेलं आणि ती ते कापसाच्या घडीवर पुसत गेली. मग यंत्राचा बारीक आवाज झाला आणि एक काळा कण त्या घडीवर पडला. तीळ असावा तेवढा. जुनं बूच. बघा, म्हणाली, कडेनं कसं खाल्लं गेलंय. मला वाटलं होतं मोठं काहीतरी असेल. एवढ्याशा कणाच्या कडेनं आमच्या घरात इतकी घाण आली होती.

यांचा हात माझा हात शोधत होता. घामानं थबथबलेला हात. मी धरला. खरं म्हणजे मला तो झटकून टाकावासा वाटला, त्याच हाताचा तो अंगठा होता. पण यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात ओघळत होतं आणि यांना ते पुसता येत नव्हतं, म्हणून मी धरून ठेवला. नवं सिमेंट तिनं ओल्या वाळूसारखं कालवलं, कणाकणानं आत नेलं, दाबलं, पुन्हा फोटो काढून बघितला आणि मगच टाके घातले.

टाके निघेपर्यंत यांचा ओठ सुजून नाकाला लागला होता. पेज, दूध, मऊ भात. दुकान भाच्यावर सोपवलं होतं, आपण माल चाखायचा नाही असं यांनी स्वतःच ठरवलं होतं. हळूहळू सूज उतरली, पुळी सुकली आणि एका सकाळी यांनी माझ्याशी काहीतरी बोलताना तोंडापुढचा हात काढला. मी नकळत श्वास रोखला होता. मग सोडला. काही नव्हतं. नुसता दंतमंजनाचा वास.

हे त्याच दिवशी धनगराच्या वस्तीवर गेले. मलाही घेऊन गेले. भट्टीपाशी त्याची बायको खवा उतरवत होती. यांनी माफी वगैरे काही मागितली नाही, आमच्याकडची माणसं मागत नाहीत. हौदावर जाऊन हात धुतले, चिमूटभर खवा घेतला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले. पुन्हा एकदा घेतला.

"चांगला हाय," हे म्हणाले.

"आदीबी चांगलाच व्हता," धनगर म्हणाला.

त्याच्या बायकोनं आम्हाला चहा दिला. दुसऱ्या दिवसापासून त्याचा माल पुन्हा आमच्या ओट्यावर यायला लागला. मला तिनं खव्याचा घास दिला होता तो मी पदरात गुंडाळून आणला आणि वाटेत कुत्र्याला घातला. तिच्या खव्यात काही खोट नव्हती. मलाच तो जाईना. अजूनही जात नाही.

वर्षभरानं पुन्हा फोटो काढायला गेलो. काळा डाग हरभऱ्याचा मुगाएवढा झाला होता, कडेनं हाड भरत आलं होतं. डॉक्टरीण खूश झाली. बूच धरलंय, म्हणाली, पण दर वर्षी दाखवत जा, हे कायमचं असं मी म्हणणार नाही. तिनं मला विचारलं की आता तरी बरं वाटतं ना. मी हो म्हटलं. तिला काय सांगणार, की दात बरा झाला, वास गेला, पण तांब्या मी अजून घासूनच घेते, यांचा टॉवेल वेगळ्या बादलीत भिजवते, आणि यांनी अर्धी उष्टी भाकरी ताटात ठेवली तर ती गाईला घालते. यांना ते दिसतं.

गेल्या वर्षी लेकरांनी यांची एकसष्टी केली. मांडव, पूजा, औक्षण, सगळं रीतसर. जेवणाची पंगत बसली तेव्हा सुनांनी आणि लेकीनं हट्ट धरला की लग्नातल्यासारखा एकमेकांना घास भरवा. सगळे टाळ्या वाजवायला लागले. ताटात पुरणपोळी होती. मी यांना घास भरवला, त्यात काही नाही. मग यांची पाळी आली. यांनी माझ्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं, आणि थांबा जरा म्हणून उठून गेले. लोकांना वाटलं लाजले. सगळे हसले.

हे परत आले, घास मोडला आणि माझ्या तोंडापुढं धरला. तीच दोन बोटं आणि तोच अंगठा. समोर सगळं गोत बघत होतं. मी तोंड उघडलं. बोटं ओली होती. पुरणाच्या आधी जिभेला साबण लागला, कपड्याचा, सोड्याचा, कडू. मोरीत दुसरा मिळाला नसावा. यांनी हात इतका घासला होता की नखांच्या कडा लाल झाल्या होत्या.

मी घास चावला आणि गिळला. लेकीनं विचारलं, आई, डोळ्यात पाणी कावून आलं. मी म्हटलं, ठसका लागला. हे तोवर शेजारी बसून वरण-भात कालवायला लागले होते, आणि माझ्याकडं न बघता यांनी पाण्याचा तांब्या माझ्या बाजूला सरकवला.